मर्जी

(एक माजी विद्यार्थी)

आपल्या शाळेच्या वार्षिकासाठीं लष्करांतल्या अनुभवांविषयीं कांहीं लिहून पाठवा, असें संपादकांचें पत्र आलें तेव्हां मी थोडा संकोचलों. युद्धांत पराक्रम गाजविल्याचें एखादें पदक मजजवळ असतें तर लिहिणें सोपें झालें असतें. तसें तें नाहीं. विद्यार्थ्यांना तोफा-बंदुकांच्या गोष्टी आवडतात हें मी जाणतों, आणि त्यांची निराशा होणार याबद्दल आधींच त्यांची क्षमा मागतों. मला सांगावयाची आहे ती हकीकत मी पुरता शिपाई होण्याच्या आधींची, म्हणजे रंगरूट असतांनाची आहे. 'रंगरूट' हा इंग्रजी 'रिक्रूट' शब्दाचा आपल्या लोकांनीं केलेला अवतार. डोकें भादरलेल्या, ढगळ हिरवे कपडे घातलेल्या, भेदरलेल्या पोरांना तो मूळ शब्दापेक्षां अधिक शोभतो असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

ज्या केंद्रांत माझें शिक्षण झालें त्याचें नांव मी येथें देत नाहीं. या हकीकतींत एका माणसाचा दोष येणार आहे, आणि एक माझा. ठिकाण सांगितलें तर पहिला दोष उगीच सबंध पलटणीच्या माथीं बसेल. आणि जिचें मीठ मीं वीस वर्षें खाल्लें तिच्यावर तसा अन्याय करण्याची माझी इच्छा नाहीं.

माझें गांव माण तालुक्यांतलें. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेंत येतो. महाबळेश्वरावर पाऊस कोसळत असतां आमच्याकडे ढग नुसते डोक्यावरून जातात. शेतीवर पोट भरत नाहीं म्हणून पोरानें पलटणींत जावें, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. आपल्या शाळेच्या बोर्डिंगांत राहून मी दहावी झालों, दोन वर्षें विहिरीच्या खोदकामावर दगड वाहिले आणि १९८९ सालीं भरतीला गेलों. एक मैल धांवावें लागे. छाती ७७ सेंटिमीटर भरावी लागे, आणि श्वास घेतल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगावी लागे. दगड वाहिल्याचा उपयोग येथें झाला.

निघण्याच्या आदल्या रात्रीं माझे चुलते मला घेऊन ओट्यावर बसले. त्यांना आम्ही तात्या म्हणत असूं. १९६५ आणि १९७१ अशीं दोन युद्धें पाहून ते हवालदार म्हणून घरीं आलेले. बोलणें फार थोडें. ते म्हणाले, "पोरा, एकच सांगतो. फालिन झालं की रांगंत मधी उभा ऱ्हा. पुढच्यावर उस्तादाची नजर पडती, मागच्यावर पडती. मधल्यावर पडत न्हाई. कुनाच्या नजरंत भरू नगंस. वाईट म्हनून न्हाई, अन् चांगला म्हनूनबी न्हाई."

पहिला अर्धा उपदेश मला पटला. दुसऱ्याचें मला हंसूं आलें. चांगला म्हणून नजरेंत भरूं नये, हें काय! शाळेंत मी नेहमीं पहिल्या बांकावर बसलेला. अक्षराबद्दल बक्षीस मिळालेलें. प्रार्थनामंदिरांत मोठ्यानें वाचावयास मला उभें करीत. मोठ्या माणसांच्या नजरेंत भरणें हेंच तोंवर माझें भांडवल होतें.

केंद्रांत पोहोंचल्यावर दुसऱ्या दिवशींच तें भांडवल मला नडलें. पहांटे हजेरी चालू होती. एकेकाचें नांव उच्चारलें जाई आणि तो 'हाजिर' म्हणून ओरडे. मी तात्यांच्या सांगण्याप्रमाणें बरोबर मध्यें उभा होतों. माझें नांव आलें. झोंपेंत होतों कीं भीतीनें गोंधळलों कोण जाणे, मीं शाळेंतल्या संवयीनें खणखणीत आवाजांत उत्तर दिलें, "प्रेझेंट, सर!"

क्षणभर शांतता, मग सबंध रांग हंसली. रांगेंत हंसणें हा गुन्हा असल्यामुळें सर्वांना मैदानाच्या टोंकापर्यंत कोलांट्या घेत जावें लागलें, आणि परत आल्यावर ड्रिलचे उस्ताद माझ्यापुढें येऊन उभे राहिले. शिकविणाऱ्या सर्वांनाच आम्ही उस्ताद म्हणत असूं, पण हे खरोखरच उस्ताद होते. ताठ, बारीक, मिशा टोंकदार. त्यांनीं मला नखशिखांत न्याहाळलें आणि म्हणाले, "अच्छा! मास्टर आया है, मास्टर!"

त्या दिवसापासून माझें नांव मास्तर पडलें. आणि ज्याला नांव आहे तो सांपडतो. शंभरांवर मुंडण केलेलीं डोकीं सारखींच दिसतात. त्यांत कोण चुकलें हें दुरून कळत नाहीं. परंतु 'मास्तर' ही हांक तयार होती. पाऊल चुकलें, मास्तर! कोणाच्या बुटाला चकाकी नाहीं, मास्तर! एकदां तर मी दांतदुखीनें आजारी म्हणून बॅरकींत पडलों असतां मैदानावर माझ्या नांवानें हांक झाल्याचें मित्रांनीं सांगितलें.

आमचा दिनक्रम कसा असे हें थोडें सांगितलें पाहिजे. पहांटे चारला शिट्टी होई. अंधारांत बादल्यांचा खणखणाट, थंड पाण्यानें दाढी. दाढी उगवली नसली तरी ती करावयाची. मग पी. टी., मग लंगरांतला चहा, आणि मग ड्रिल. सावधान म्हणजे टांचा जुळलेल्या, दोन पावलांमध्यें ३० अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठे पाटलोणीच्या शिवणीला. पाऊल ३० इंचांचें; मिनिटाला १२० पावलें. हें सगळें कागदावर सोपें आहे. पण आपल्याकडे कोणी टक लावून पाहत आहे असें कळलें कीं मनुष्य चालणेंसुद्धां विसरतो. डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढें जावा हें आपण वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीं शिकतों. उस्ताद माझ्या बाजूनें चालूं लागले कीं माझा डावा पाय व डावा हात एकदम पुढें जात! लांकडी बाहुल्याप्रमाणें मी चालत असें, आणि जितका सांवरूं पाहीं तितका अधिक बिघडे. मग शिक्षा होई. आम्हांला मिळाली होती ती ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. रायफल, रिकामी असतांनाहि चार किलोंहून जड. (१९६२ च्या चिनी युद्धांत आपल्या पायदळाजवळ .३०३ ची जुनी रायफल होती. त्यानंतर ही आली. आणि १९९० नंतरच्या दशकांत हिची जागा इन्सासनें घेतली.) ती दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून मैदानाला फेरे घालावयाचे. तिसऱ्या फेऱ्याला दंड थरथरूं लागत, पांचव्याला डोळ्यांपुढें ठिपके नाचत. या सर्व प्रकाराला रंगरुटांच्या भाषेंत 'रगडा' म्हणतात, आणि शब्द अगदीं यथार्थ आहे.

पालकांपैकीं कोणाला हें वाचून वाईट वाटेल. वाटूं देऊं नये. हे उस्ताद मला छळीत होते असें त्या वेळीं मला वाटे. आज तसें वाटत नाहीं. ते मला रगडीत तें मैदानावर, दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष. आणि शिट्टी झाली कीं त्यांच्या लेखीं मी संपलेला असे. त्यांनीं कोणालाहि कधीं वैयक्तिक काम सांगितलें नाहीं, कीं कोणाची कधीं विचारपूस केली नाहीं. हा शेवटचा गुण आहे हें समजावयास मला दुसरा मनुष्य भेटावा लागला.

माझ्या शेजारच्या खाटेचा क्रमांक सात. त्या खाटेवरच्या मुलाला सगळे सात नंबर म्हणत. मेंढरें राखणाऱ्या घरांतला, जतकडचा. धांवण्यांत सर्वांत पुढें. पाठीवर भरलेला पिट्टू असला तरी तो रानांत हिंडल्यासारखा सहज धांवे. लिहितां-वाचतां मात्र बेताचेंच येई. आठवी पास असल्याचा दाखला होता, पण पत्र लिहावयास बसला कीं घाम फुटे. त्याचीं पत्रें मी लिहीत असें व आलेलीं वाचून दाखवीत असें. मोबदला म्हणून तो माझे बूट घांसून देई. त्याच्या पायांचे तळवे इतके निबर होते कीं आम्हां सर्वांना नव्या बुटांनीं फोड आले, त्याला आले नाहींत. उलट बुटांनाच आले असतील, असें आम्ही म्हणत असूं.

त्याचें पत्र लिहीत असतांनाच एका रविवारीं आमच्या बॅरकीवर देखरेख करणारे हवालदार माझ्यामागें येऊन उभे राहिले. त्यांनीं निळें आंतर्देशीय पत्र माझ्या हातांतून घेतलें. मला वाटलें, आतां रगडा. पण ते म्हणाले, "अक्षर कुणाचं हे? छापल्यासारखं आहे. इंग्रजी येतं का?"

मीं म्हटलें, "येतं."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीं मला त्यांच्या खोलीवर बोलावणें येऊं लागलें. किटाचें रजिस्टर, आजाऱ्यांचें रजिस्टर, सामानाच्या याद्या. सर्व कांहीं इंग्रजींत, आणि हवालदारांना इंग्रजीचा कंटाळा. ते मराठींत सांगत, मी इंग्रजी करून लिहीं. त्या वेळांत इतर रंगरूट फटीकला असत, म्हणजे गवत काढणें, गटारें साफ करणें, चुना मारणें असल्या कामावर. मी पंख्याखालीं बसून चहा पीत असे. पुढें पुढें तर मला सकाळच्या एखाद्या तासालाहि सुटी मिळूं लागली. ड्रिलच्या उस्तादांच्या भुवया वर चढत, पण हवालदारांचा निरोप असे.

मला हें आवडलें नाहीं असें म्हणेन तर तें खोटें होईल. फार आवडलें. दोन महिने ज्याला सगळे चुकीसाठीं हुडकीत होते त्याला आतां कोणी गुणासाठीं हुडकून काढलें होतें. मीं वडिलांना पत्र लिहिलें कीं, साहेबांची माझ्यावर मर्जी आहे. वडिलांनीं तें पत्र चावडीवर वाचून दाखविलें. उत्तरांत तात्यांची एकच ओळ होती: "मधी उभा ऱ्हा म्हणून सांगितलं होतं."

पहिली गोष्ट माझ्या ध्यानांत आली ती अशी कीं, मी बॅरकींत शिरलों कीं बोलणें थांबे. उघड कोणी कांहीं म्हणत नसे. कोणाच्या ट्रंकेंत विडीचा कट्टा असे तो घाईनें झांकला जाई. कोणी उस्तादांची नक्कल करीत असला तर तो एकदम बूट पुसावयास लागे. फक्त सात नंबर पूर्वीसारखा बोलत राहिला. त्याला या गोष्टी कळत नसत, कीं कळून तो मनावर घेत नसे, तें मला आजहि नक्की सांगतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट ध्यानांत यावयास उशीर लागला. रजिस्टरें लिहून होत, तरी हवालदार मला लगेच सोडीत नसत. बसवून घेत. आणखी अर्धा पेला चहा येई. मग सहज म्हणून प्रश्न. काय मास्तर, काल रात्रीं दिवे मालवल्यावर कोण बोलत होतं? कोण कोण जेवणाबद्दल कुरकुर करतो? सुरुवातीला मी टाळाटाळ केली. मग एक-दोन निरुपद्रवी गोष्टी सांगितल्या. त्यांवरून कोणाला कांहीं झालें नाहीं, म्हणून मला वाटलें, यांत वाईट तें काय? हवालदार हंसून पाठीवर थाप मारीत. ती थाप मला नकोशी होऊं लागली होती. त्यांची पावलें ओळखूं येऊं लागलीं होतीं आणि शिट्टीपेक्षां त्या पावलांची धास्ती अधिक वाटे. पण नको म्हणावें कसें? शिव्या देणाऱ्याला मनांतल्या मनांत शिव्या देतां येतात. चहा देणाऱ्याचें काय करावें?

शाळांतून वर्गनायक असतात, त्यांतल्या कोणाकोणाला हें दुखणें ठाऊक असेल. मी स्वतः दोन वर्षें वर्गनायक होतों. तेव्हां ठाऊक झालें नव्हतें.

पांचव्या महिन्यांत सात नंबरला पत्र आलें कीं आई अंथरुणाला खिळली आहे. पत्र मींच वाचलें. शिक्षण चालू असतां रजा मिळत नाहीं असें तो धरून चालला होता. अशा प्रसंगीं अर्ज करतां येतो हें त्याला कोणी सांगितलें नाहीं, आणि मीहि विचारून पाहिलें नाहीं. त्याच्या गांवचा एक मनुष्य एस. टी. वर ड्रायव्हर होता व रविवारीं संध्याकाळीं त्याची गाडी त्या शहरांत येई. सात नंबर तारेच्या कुंपणांतून बाहेर पडला, स्टँडवर जाऊन त्याला भेटला, आईच्या औषधासाठीं पगारांतले पैसे त्याच्या हवालीं केले आणि परत आला. गिनतीला दहा मिनिटें उशीर झाला. पोटांत कळ आली होती असें त्यानें सांगितलें, व तें चालून गेलें.

सोमवारीं संध्याकाळीं हवालदारांनीं माझ्यापुढें चहा ठेवला. म्हणाले, "काल सात नंबर कुठं गेला होता रे?"

'मला ठाऊक नाहीं' एवढे तीन शब्द पुरे होते. मीं म्हटलें, "एस. टी. स्टँडवर."

मी असें कां म्हटलें याचा पुढें मीं वर्षानुवर्षें विचार केला. त्या क्षणीं भीति नव्हती, लोभहि नव्हता. खरें बोलावें असें शाळेंत शिकलों होतों, तें त्या वेळीं मला सोयीचें झालें. या मनुष्यानें आपल्याला विश्वासू ठरविलें आहे, तर विश्वासू दिसावें, इतकेंच मनांत होतें. आई आजारी असल्याचें मीं पुढें सांगितलें, पण तोंवर ते उठून उभे राहिले होते.

परवानगीवांचून बाहेर जाणें हा लष्करांत गुन्हाच आहे, आणि त्याची शिक्षा देण्याची रीत ठरलेली आहे: रंगरुटाला कंपनीच्या अधिकाऱ्यापुढें उभें करावयाचें. हवालदारांनीं तसें केलें नाहीं. रात्रीं दिवे मालवल्यावर त्यांनीं सात नंबरला पिट्टू घालून बाहेर बोलावलें. बॅरकीच्या मागें खडीचा ढीग होता. आम्ही सर्व पांघरुणें ओढून जागे होतों. खडीवर बुटांचा आवाज बराच वेळ येत होता, चढण्याचा, उतरण्याचा. मग एक मोठा घसरल्याचा आवाज आला, आणि नंतर कांहीं नाहीं.

गुडघा होता. लष्करी इस्पितळांत नेलें.

दुसऱ्या संध्याकाळीं हवालदारांनीं आजाऱ्यांचें रजिस्टर माझ्यापुढें सरकविलें. चेहरा उतरलेला होता. त्यांनाहि एवढें होईल असें वाटलें नव्हतें. म्हणाले, "लिही. पी. टी. करताना घसरून पडला."

मीं लिहिलें. आपल्या शाळेंत शिकविलेलें इंग्रजी त्या ओळींत मीं वापरलें. व्याकरणाची एकहि चूक नव्हती. अक्षर छापल्यासारखें होतें. शाई वाळावी म्हणून त्यांनीं फुंकर मारली आणि मला पेलाभर चहा दिला. तो मीं प्यालों हेंहि लिहिणें भाग आहे.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. त्यापुढच्याहि नाहीं. शेजारच्या रिकाम्या खाटेवर गादीची गुंडाळी होती. तिच्याकडे पाठ केली तर समोर त्याच्या ट्रंकेवरचा पांढरा सात दिसे, कारण तो त्याच्यासाठीं मींच रंगविला होता. चौथ्या दिवशीं ड्रिल संपल्यावर सगळे पांगले, पण मी जाग्यावरून हललों नाहीं. उस्ताद जवळ आले. "क्या है, मास्टर?"

मीं सर्व सांगितलें. हिंदींत सुरुवात केली आणि मराठींत कधीं गेलों कळलें नाहीं. त्यांनीं एकदांहि मध्यें तोंड घातलें नाहीं. शेवटीं त्यांनीं एवढेंच विचारलें, "ओळ तुझ्या हातची?" मीं हो म्हटलें. ते म्हणाले, "मग ती तुझीच आहे. दरखास्त कर. मेजरसाहेबांच्या पुढं जाऊन सांग. माझ्या मागून नाही, सुभेदारसाहेबांच्या मार्फत, रीतीनं. आणि तुलाही मिळेल, हे समजून जा." थोडें थांबून म्हणाले, "बूट चमकवून जा."

शिपायाला आपल्या अधिकाऱ्याची भेट मागण्याचा हक्क असतो हें मला तोंपर्यंत ठाऊक नव्हतें. पुष्कळ वर्षांनीं, मी स्वतः नायक झाल्यावर, १९५० चा आर्मी ॲक्ट वाचावयाचा प्रसंग आला. त्यांत ४७ वें कलम हाताखालच्या माणसाला छळण्याच्या गुन्ह्याचें आहे, आणि ५७ वें खोटी नोंद करण्याच्या. दोन्ही कलमें एकामागून एक वाचतांना मला ती खोली व तो पेला आठवला. एक कलम त्यांचें, एक माझें.

मेजरसाहेबांपुढें मी तीन मिनिटांत सगळें बोललों. त्यांनीं रजिस्टर मागविलें, ती ओळ वाचली व मला पुन्हा वाचावयास लावली, मोठ्यानें. प्रार्थनामंदिरांत वाचतांना माझा आवाज कधीं कांपला नव्हता. चौकशी झाली. सात नंबरनें आधीं पी. टी. चेंच सांगितलें होतें. विचारल्यावर त्यानें खरें सांगितलें. हवालदारांना आमच्या कंपनींतून हलविण्यांत आलें. पुढें त्यांचें काय झालें तें आम्हां रंगरुटांना कोणी सांगितलें नाहीं. मला सात दिवस पाठीवर पिट्टू व दुपारची जादा परेड मिळाली. ती उस्तादांनींच घेतली, आणि तिच्यांत तसूभरहि सवलत दिली नाहीं.

आतां बॅरकींत मला मान मिळाला असेल असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. आधीं आमची खबर वर देत होता, आतां वरच्याची खबर त्याच्याहि वर दिली, असा हिशेब झाला. लंगरांत माझ्या बाजूला जागा मोकळी राही. तें सुमारें दोन महिने चाललें, आणि मग कसें कोण जाणे, चांदमारीच्या दिवसांत, एका पोराला निशाण साधेना व मीं त्याला श्वास रोखावयास सांगितलें, तेथून थोडें थोडें ओसरलें. पूर्णपणें ओसरलें असें मी म्हणणार नाहीं.

शिक्षा संपल्यावर पहिल्या रविवारीं मी इस्पितळांत गेलों. सात नंबर गुडघ्याला प्लास्टर घालून बसला होता. त्याची तुकडी आतां आमची नव्हती. गुडघा बरा झाल्यावर त्याला मागच्या तुकडींत घालणार होते. मीं उभ्याउभ्याच सांगून टाकलें कीं, स्टँडचें मीं सांगितलें.

तो म्हणाला, "ठावं हाय."

मग पुष्कळ वेळ कोणीच बोललें नाहीं. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण रेडिओवर गाणीं ऐकत होता. मला वाटत होतें, त्यानें शिवी द्यावी. त्यानें उशीखालून एक आंतर्देशीय पत्र काढलें. तें फोडलेलें होतें, पण घडी नवी होती; नर्सबाईंना मराठी येत नव्हतें, म्हणून कोणी वाचून दाखविलेलें नव्हतें.

"चार दिस झालं येऊन," तो म्हणाला. "वाच."

मीं वाचलें. आईला उतार पडला होता. ड्रायव्हरनें पैसे पोहोंचते केले होते. दोन मेंढ्या व्याल्या होत्या. शेवटीं, आमची काळजी करूं नये, साहेबांचें ऐकावें, असें होतें. त्यानें तें पत्र मजकडून तीनदां वाचून घेतलें. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाला, "आता जा. तुझं फालिन चुकंल."

आमची कसम परेड १९९० सालीं झाली. ध्वजासमोर, आपापल्या धर्मग्रंथाला साक्षी ठेवून शपथ घेण्याची ही परेड. तिच्यानंतर रंगरूट शिपाई होतो. (२०२२ सालापासून अग्निपथ योजना सुरू झाली असून अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची असते व त्यांचें शिक्षणहि आमच्याहून कमी काळांत होतें, पण शपथेची परेड त्यांचीहि होते.) वडील आणि तात्या आले होते. मी रांगेंत पुढूनहि नव्हतों, मागूनहि नव्हतों. मैदानावर चुन्याच्या रेघा आदल्या दिवशीं मागच्या तुकडीनें मारल्या होत्या, आणि त्यांत सात नंबर होता. थोडा लंगडत, वांकून, तोंडाला फडकें बांधून. ज्या रेघेवर आम्ही पावलें जुळवून थांबलों ती सरळ होती. माझा हात आणि पाय त्या दिवशीं चुकले नाहींत. उस्ताद बाजूनें गेले तेव्हां मला पाहत होते कीं नाहीं, तें मला कळलें नाहीं.

सहा-सात महिन्यांनीं, मी पलटणींत असतांना, एक आंतर्देशीय पत्र आलें. पत्त्यांत माझें नांव चुकलेलें होतें व पुढें 'मास्तर' असें लिहिलेलें होतें. अक्षरें कांहीं मोठीं, कांहीं लहान. ओळी उताराला लागलेल्या. केंद्रांतल्या शिक्षण-हवालदारांकडे तो रोज रात्रीं बसत असे, असें मागाहून कळलें. पत्रांत मजकूर चार ओळींचा: कसम झाली, आई बरी आहे, गुडघा थंडींत दुखतो, हें पत्र मीं कोणाकडून लिहून घेतलेलें नाहीं. खालीं आणखी एक ओळ होती. चुका लाल शाईनें दुरुस्त करून पत्र परत पाठव, असें त्यानें लिहिलें होतें.

मीं उत्तर पाठविलें. तें पत्र मात्र परत पाठविलें नाहीं.